लिस्पचा रेपल हाताला बसवताना: नवशिक्यांसाठी एसबीसीएलची वाट

लिस्प ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतली की पहिल्याच दिवशी समोर येतो तो रेपल, म्हणजे भाषेशी ओळीओळीने बोलायची जागा. तुम्ही एक ओळ टाकता, तो ती वाचतो, तिचं मूल्य काढतो, उत्तर छापतो आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसतो. कल्पना फार जुनी आहे. जॉन मकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं. त्यांनी कागदावर मांडलेलं ‘इव्हॅल’ हे मूल्य काढणारं फंक्शन स्टीव्ह रसेल यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर हाताने मशीन कोडमध्ये उतरवलं, आणि लिस्प खरोखर चालू लागलं. वाचा, मूल्य काढा, छापा, पुन्हा तेच, या चार पायऱ्या आजही तशाच आहेत.

बहुतेक नवशिके रेपल जसा मिळाला तसाच वर्षानुवर्षं वापरतात आणि मग ‘लिस्प गैरसोयीचं आहे’ असं म्हणतात. गैरसोय भाषेची नसते, न बदललेल्या मूळ सेटिंगची असते. प्रत्येक पायरीला आपल्याला हवं ते जोडता येतं. मात्र एक फरक सुरुवातीलाच मनात पक्का करा. काही बदलांनी फक्त दिसणं बदलतं, तर काही बदलांनी कोडचा अर्थ बदलतो. पहिल्या प्रकारचे बदल बिनधास्त करा. दुसऱ्या प्रकारचे करताना दहा वेळा विचार करा, कारण तुमच्या मशीनवर नीट चालणारी फाइल मित्राच्या मशीनवर वेगळं उत्तर देऊ लागते. खालची प्रत्येक पायरी मी याच कसोटीवर घासून सांगितली आहे.

उदाहरणं एसबीसीएलची आहेत. कॉमन लिस्प ही लिस्पची प्रमाणित बोली, आणि एसबीसीएल हे तिचं मोफत, मुक्त आणि वेगवान रूप आहे. कॉमन लिस्पचं अन्सी या अमेरिकन संस्थेचं मानक १९९४ सालचं आहे, त्यामुळे छपाईच्या आणि वाचनाच्या ज्या गोष्टी पुढे येतील त्या इतर कॉमन लिस्पमध्येही चालतील. ‘एसबी’ने सुरू होणारी नावं मात्र फक्त एसबीसीएलची.

कोड कसा वाचायचा तेही आधीच सांगतो. लिस्पची अंगभूत नावं आणि आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना नावांचं नेहमीचं रोमन स्पेलिंग आणि रोमन आकडे वापरा. ‘माझा-वाचक’सारखी मराठी नावं माझी आहेत, ती थेट देवनागरीतच टाका. एसबीसीएल युनिकोड जाणतो, फंक्शनचं नाव मराठीत असलं तरी त्याची तक्रार नसते.

आधी बाण चालू करा

टर्मिनलमध्ये नुसता एसबीसीएल सुरू करून वरचा बाण दाबून बघा. मागची ओळ परत येत नाही, नुसती विचित्र चिन्हं उमटतात. डावीकडे सरकून चूक सुधारणंही जमत नाही. एसबीसीएलमध्ये ओळ संपादनाची सोयच नाही, ते काम बाहेरच्या साधनावर सोडलेलं आहे.

उपाय म्हणजे ‘आरएलरॅप’ नावाचा छोटा प्रोग्राम. उबंटू किंवा डेबियनवर तो ॲप्टने मिळतो, मॅकवर होमब्रूने. त्यानंतर नुसतं ‘एसबीसीएल’ न लिहिता ‘आरएलरॅप एसबीसीएल’ असं लिहून सुरुवात करायची. बाण चालू होतात, मागच्या ओळी होम फोल्डरातल्या एका लपलेल्या फाइलमध्ये साठतात आणि उद्या उघडलं तरी कालच्या ओळी हाताशी असतात. शेलमध्ये याचा एलियस, म्हणजे छोटं पर्यायी नाव, करून टाका. या लेखातलं एकच काही करायला वेळ असेल, तर हे करा.

सुरुवातीची फाइल

पुढचे सगळे बदल कायम टिकायचे असतील तर ते होम फोल्डरातल्या ‘.एसबीसीएलआरसी’ या फाइलमध्ये लिहायचे. नावाच्या सुरुवातीला टिंब आहे, ते विसरू नका. एसबीसीएल सुरू होताना ही फाइल आपोआप वाचतो. फाइल आधीपासून नसेल तर नवी बनवा. क्विकलिस्प (लायब्ररी उतरवून बसवणारं साधन) बसवताना तुम्ही त्याचं ‘ॲड-टू-इनिट-फाइल’ चालवलं असेल तर ती आधीच असेल आणि त्यात क्विकलिस्पच्या काही ओळी असतील. त्या राहू द्या, आपलं खाली लिहा.

या फाइलमध्ये एखादा कंस चुकला की एसबीसीएल सुरू होतानाच डीबगरमध्ये, म्हणजे चूक तपासायच्या खास रेपलमध्ये, अडकतो. घाबरू नका. ‘--नो-यूजरइनिट’ हा पर्याय देऊन सुरू केलं की फाइल न वाचताच रेपल उघडतो, आणि मग चूक शांतपणे शोधता येते. दुसऱ्या कुणाला बग दाखवायचा असेल तेव्हाही आधी याच पर्यायाने चालवून बघा. बग राहिला तर तो कोडचा, गेला तर तुमच्या सेटिंगचा. ‘--स्क्रिप्ट’ने चालवलेल्या फाइलींसाठी एसबीसीएल ही फाइल वाचतच नाही, म्हणून स्क्रिप्टला लागणारं काहीही इथे ठेवू नका.

सुरुवातीला येणारा स्वागताचा मजकूर नको असेल तर ‘--नोइनफॉर्म’ हा पर्याय एलियसमध्येच घाला.

छपाई: इथून खरी सुरुवात

नवशिक्याला सर्वांत जास्त फायदा छपाईच्या बदलांचा होतो, आणि धोका जवळजवळ शून्य. लिस्पची छपाई काही जागतिक चलांवर चालते, त्यांची नावं दोन ताऱ्यांच्या मध्ये असतात. फाइलमध्ये एवढं घाला (‘सेटएफ’ म्हणजे चलाला मूल्य देणं):

(सेटएफ *प्रिंट-लेंथ* ५०)
(सेटएफ *प्रिंट-लेव्हल* ८)
(सेटएफ *प्रिंट-सर्कल* टी)
(सेटएफ *प्रिंट-केस* :डाउनकेस)

पहिल्या ओळीमुळे कोणत्याही यादीचे पहिले पन्नास घटकच छापले जातात, पुढे तीन टिंबं येतात. चुकून लाखभर घटकांची यादी परत आली तरी टर्मिनल वाहून जात नाही. दुसरी ओळ यादीतल्या यादीतल्या यादीला आठ पातळ्यांवर थांबवते, त्याखालच्या यादीऐवजी नुसतं ‘#’ दिसतं. चौथीमुळे मोठ्या अक्षरांत ओरडणारी नावं लहान अक्षरांत छापली जातात. नाव आतमध्ये होतं तसंच राहतं, बदलतं ते फक्त छापलेलं रूप.

तिसऱ्या ओळीवर जरा थांबू, कारण तिची किंमत गरज पडेपर्यंत कळत नाही. रेपलमध्ये हे टाकून बघा:

(लेट ((यादी (लिस्ट १ २ ३)))
  (सेटएफ (सीडीआर (लास्ट यादी)) यादी))

इथे यादीचं शेपूट तिच्याच डोक्याला जोडलं. तीननंतर पुन्हा एक, दोन, तीन, असं कधीच न संपणारं चक्र तयार झालं. ‘*प्रिंट-सर्कल*’ बंद असेल आणि लांबीची मर्यादाही नसेल, तर रेपल हे छापतच राहतो आणि कंट्रोल-सी दाबून त्याला थांबवावं लागतं. चालू असेल तर उत्तर एका ओळीत येतं:

#१=(१ २ ३ . #१#)

‘#१=’ म्हणजे या वस्तूला एक क्रमांकाची खूण, आणि ‘#१#’ म्हणजे ‘ती खूण केलेली वस्तूच पुन्हा’. ग्राफ, एकमेकांकडे बोट दाखवणारे ऑब्जेक्ट, जोडयाद्या यांच्याशी खेळताना हे चल चालू असणं फार मोलाचं आहे. छपाई थोडी मंदावते, पण माणसाच्या डोळ्यासाठी ती अजूनही क्षणार्धातच होते.

एक काळजी घ्या. यातली मर्यादा तुमच्या प्रोग्रामने फाइलमध्ये लिहिलेल्या माहितीलाही लागू होते. पन्नासपेक्षा मोठी यादी ‘प्रिंट’ने फाइलमध्ये लिहिलीत तर पुढचा भाग तीन टिंबांत गडप होईल. माहिती साठवणारं कोड लिहिताना ते ‘विथ-स्टँडर्ड-आयओ-सिंटॅक्स’च्या आत ठेवायची सवय लावा. तो मॅक्रो छपाई-वाचनाची सगळी चलं तेवढ्यापुरती मूळ स्थितीत आणतो.

आकड्यांचे दोन सापळे

छपाईचा पाया बदलणारं ‘*प्रिंट-बेस*’ सुरक्षित आहे. ते १६ केलं की दोनशे पंचावन्न ‘एफएफ’ असं दिसतं. पण ‘*रीड-बेस*’ हे वाचनाचं चल आहे आणि तिथे नवशिका हमखास अडकतो. ते १६ केलं, काम झालं, आणि परत यायला (सेटएफ *रीड-बेस* १०) लिहिलं. काहीच बदलत नाही! कारण आता रेपल आकडे सोळाच्या पायात वाचतो आहे, आणि त्या पायात ‘१०’ म्हणजे सोळाच. बाहेर पडायचं असेल तर दहाऐवजी ‘ए’ हे अक्षर लिहा, सोळाच्या पायात त्याची किंमत दहा.

दुसरा सापळा अधिक लबाड आहे. ‘*रीड-डिफॉल्ट-फ्लोट-फॉरमॅट*’ नावाचं चल ठरवतं की ०.१ लिहिल्यावर साधा, म्हणजे सिंगल फ्लोट (कमी अचूक दशांश आकडा) बनवायचा की अधिक अचूक डबल. मूळ सेटिंग सिंगलचं आहे. तेव्हा (+ ०.१ ०.२) टाकलं की ०.३ असं छान उत्तर येतं. चल डबल-फ्लोट केलं की त्याच ओळीचं उत्तर ०.३००००००००००००००४ येतं. ओळ तीच, अर्थ निराळा. गणिताचं काम करणारे पुष्कळ जण हे चल सुरुवातीच्या फाइलमध्ये डबल करून ठेवतात, आणि मग त्यांची फाइल दुसरीकडे कमी अचूक उत्तरं देते तेव्हा कारण सापडत नाही. माझं ठाम मत: हे चल रेपलसाठी बदलू नका. डबल हवा असेल तर आकड्यामागे ‘डी०’ लावून तो कोडमध्येच स्पष्ट लिहा.

प्रॉम्प्ट

प्रॉम्प्ट म्हणजे ‘आता टाइप करा’ असं सांगणारी खूण, आणि एसबीसीएलचा प्रॉम्प्ट म्हणजे एक तारा. तुम्ही कोणत्या पॅकेजमध्ये, म्हणजे नावांच्या कोणत्या गटात, आहात हे तो सांगत नाही, आणि ‘फंक्शन सापडत नाही’ या नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी चुकीच्या पॅकेजमध्ये उभं राहिल्यामुळे असतात. म्हणून प्रॉम्प्टमध्ये पॅकेजचं नाव आणू:

(सेटएफ एसबी-इम्पल::*रेपल-प्रॉम्प्ट-फन*
  (लॅम्डा (प्रवाह)
    (फ्रेश-लाइन प्रवाह)
    (राइट-स्ट्रिंग
      (ऑर (फर्स्ट (पॅकेज-निकनेम्स *पॅकेज*))
          (पॅकेज-नेम *पॅकेज*))
      प्रवाह)
    (राइट-स्ट्रिंग "> " प्रवाह)))

हे फंक्शन प्रत्येक वाचनाआधी बोलावलं जातं आणि त्याला एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे जिथे छापायचं तो प्रवाह. ‘फ्रेश-लाइन’ महत्त्वाचं आहे. आधीच्या छपाईने ओळ अर्धवट सोडली असेल तरच ते नवी ओळ घेतं, म्हणून प्रॉम्प्ट कधी मजकुराला चिकटत नाही आणि उगाच रिकाम्या ओळीही येत नाहीत. टोपणनाव असेल तर आपण तेच घेतलं, त्यामुळे ‘कॉमन-लिस्प-यूजर’ऐवजी ‘सीएल-यूजर’ एवढंच दिसतं.

नावातले दोन विसर्गचिन्हासारखे कोलन म्हणजे ही पॅकेजच्या आतली वस्तू आहे. एसबीसीएलचे कर्ते ती पुढे बदलू शकतात. वैयक्तिक सेटिंगमध्ये ठेवायला हरकत नाही, इतरांना द्यायच्या लायब्ररीत मात्र ठेवू नका.

चूक झाली की डीबगर उघडतो आणि तिथला प्रॉम्प्ट ‘०]’ असा असतो. आपल्या बदलाचा त्यावर परिणाम होत नाही, आणि ते बरंच आहे. डीबगरमध्ये असताना पुन्हा चूक केली तर ‘१]’, मग ‘२]’ असे तुम्ही खोल जाता. असा मोठा आकडा दिसला की ‘टॉपलेव्हल’ हा शब्द टाका, थेट वर याल.

वाचन: आपले स्वतःचे हुकूम

हा भाग सर्वांत रंजक. एसबीसीएलमध्ये वाचनासाठीही एक फंक्शन लावलेलं असतं. त्याला आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन प्रवाह मिळतात आणि त्याने एक फॉर्म, म्हणजे मूल्य काढण्याजोगा लिस्पचा तुकडा, परत द्यायचा असतो. इथे आपलं फंक्शन बसवलं की लिस्प नसलेल्या ओळीही ओळखता येतात.

हुकमांची खूण म्हणून स्वल्पविराम निवडू. बॅककोट (उलटं अवतरणचिन्ह) लावलेल्या तुकड्याच्या बाहेर स्वल्पविराम आला तर लिस्प ती चूकच मानतं, म्हणजे कोणतीही वैध ओळ स्वल्पविरामाने सुरू होत नाही. आपण कुणाच्याही अर्थावर अतिक्रमण करत नाही.

(डेफव्हार *मूळ-वाचक* एसबी-इम्पल::*रेपल-रीड-फॉर्म-फन*)

(डेफन हुकूम-चालव (हुकूम)
  (कॉन्ड ((स्ट्रिंग= हुकूम "बंद") '(एसबी-ईएक्सटी:एक्झिट))
         ((स्ट्रिंग= हुकूम "वेळ") (लिस्ट 'टाइम +))
         (टी (फॉरमॅट टी "असा हुकूम नाही.") '(व्हॅल्यूज))))

(डेफन माझा-वाचक (आत बाहेर)
  (इफ (ईक्यूएल (पीक-चार टी आत निल) #\,)
      (हुकूम-चालव (स्ट्रिंग-ट्रिम ", " (रीड-लाइन आत)))
      (फनकॉल *मूळ-वाचक* आत बाहेर)))

(सेटएफ एसबी-इम्पल::*रेपल-रीड-फॉर्म-फन* #'माझा-वाचक)

‘पीक-चार’ पुढचं अक्षर न उचलता नुसतं बघतं, आणि त्याला ‘टी’ दिल्यामुळे आधीची मोकळी जागा व नव्या ओळी वगळतं. मागच्या वाचनानंतर एंटरचं चिन्ह प्रवाहात उरलेलं असतं, म्हणून हे लागतंच. स्वल्पविराम नसेल तर काम जुन्या वाचकाकडे जातं. पहिल्या ओळीत ‘डेफपॅरामीटर’ न वापरता ‘डेफव्हार’ वापरला आहे, तो मुद्दाम. फाइल दुसऱ्यांदा लोड केली तर ‘डेफव्हार’ जुनं मूल्य तसंच ठेवतो. ‘डेफपॅरामीटर’ असता तर मूळ वाचकाच्या जागी आपलाच वाचक बसला असता आणि तो स्वतःलाच बोलावत राहिला असता.

‘वेळ’ या हुकमात ‘+’ दिसतो तो बेरजेचा नाही. रेपलमध्ये ‘+’ या चलात मागचा फॉर्म साठलेला असतो, ‘*’ मध्ये मागचं उत्तर, आणि ‘**’, ‘***’ मध्ये त्याआधीची. म्हणून एखादी ओळ चालवल्यावर ‘,वेळ’ टाकलं की तीच ओळ ‘टाइम’मध्ये गुंडाळून पुन्हा चालते आणि किती वेळ, किती मेमरी लागली ते दिसतं. ओळ पुन्हा चालते हे लक्षात असू द्या, फाइल पुसणाऱ्या ओळीवर हा हुकूम नको. शेवटचं ‘(व्हॅल्यूज)’ म्हणजे शून्य मूल्यं, त्यामुळे रेपल उत्तरादाखल काहीच छापत नाही.

कीबोर्ड सारखा मराठीत बदलणं जड जात असेल तर हुकूम रोमन अक्षरांत ठेवा.

यापुढची पायरी म्हणजे रीडटेबल, म्हणजे कोणतं अक्षर कसं वाचायचं याचा तक्ता, बदलून नवीन वाक्यरचनाच बनवणं, उदाहरणार्थ चौकटी कंसांना वेगळा अर्थ देणं. चौकटी कंस, महिरपी कंस, उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह ही अक्षरं मानकाने प्रोग्रामरसाठी राखूनच ठेवली आहेत. तरी हे सुरुवातीच्या फाइलमध्ये करू नका. हा बदल सरळ कोडच्या अर्थाला हात घालतो. हवंच असेल तर ‘कॉपी-रीडटेबल’ने प्रत घेऊन त्या प्रकल्पापुरतं करा. ‘लोड’ हे फंक्शन फाइल वाचताना ‘*रीडटेबल*’ आणि ‘*पॅकेज*’ ही दोन्ही चलं तेवढ्यापुरती बांधतं. त्यामुळे लोड केलेल्या फाइलमध्ये ‘इन-पॅकेज’ लिहिलं तरी फाइल संपल्यावर तुम्ही जुन्याच पॅकेजमध्ये असता.

मूल्य काढणं

इथे फार करण्यासारखं नाही. एसबीसीएल रेपलमधली ओळही मूळ सेटिंगनुसार कंपाइल करून चालवतो. शिकताना उपयोगी पडेल अशी एकच ओळ:

(एसबी-ईएक्सटी:रिस्ट्रिक्ट-कंपायलर-पॉलिसी 'डीबग ३)

यामुळे बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याच्या यादीत) चलांची मूल्यं जास्त दिसतात आणि चूक कुठून आली ते समजतं. मात्र डीबग पातळी दोनच्या वर गेली की एसबीसीएल टेल कॉल, म्हणजे फंक्शनच्या शेवटी केलेली हाक, स्टॅकवर नवी जागा न घेता चालवणं सोडतो. लाखो वेळा स्वतःला बोलावणारं फंक्शन, जे एरवी मजेत चालतं, ते मग स्टॅक संपल्याची तक्रार करेल. वेग मोजण्याआधीही ही ओळ काढून टाका.

तयार मिळणारं, आणि इमॅक्सवाल्यांसाठी

स्वतः लिहायचं नसेल तर एसबीसीएलसोबतच ‘एसबी-एसीएलरेपल’ येतं. (रिक्वायर :एसबी-एसीएलरेपल) एवढं टाकलं की अलेग्रो लिस्पच्या धर्तीवर कोलनने सुरू होणारे हुकूम मिळतात. ‘:हेल्प’ने त्यांची यादी दिसते, ‘:सीडी’ने फोल्डर बदलतो, ‘:पीडब्ल्यूडी’ने चालू फोल्डर कळतो. ते वाचन आणि प्रॉम्प्टची तीच दोन फंक्शनं बदलतं, म्हणून आपलं आणि ते एकत्र लावायला जाऊ नका.

इमॅक्स या संपादकात स्लाइम किंवा स्लाय ही लिस्पसाठीची जोडणी वापरत असाल तर वरच्या प्रॉम्प्ट-वाचनाच्या बदलांचा तिथे काही उपयोग नाही. तिथला रेपल त्यांचा स्वतःचा आहे, एसबीसीएलचा नव्हे. स्लाइममध्ये स्वल्पविरामाचे हुकूम आधीपासूनच आहेत: रिकाम्या प्रॉम्प्टवर स्वल्पविराम दाबा आणि हुकमाचं नाव द्या. त्याच्यासाठीची वेगळी सेटिंग होम फोल्डरातल्या ‘.स्वँक.लिस्प’ या फाइलमध्ये जातात.

सगळं एकदा गोठवून ठेवणं

सुरुवातीच्या फाइलमध्ये मोठ्या लायब्ररी लोड करत गेलात की रेपल उघडायला वेळ लागू लागतो. त्यावर लिस्पकडे सुरेख उपाय आहे. टर्मिनलमधल्या साध्या रेपलमध्ये लायब्ररी लोड करा आणि मग:

(एसबी-ईएक्सटी:सेव्ह-लिस्प-अँड-डाय "माझा.कोअर")

मेमरीत असलेलं सगळं एका फाइलमध्ये लिहून एसबीसीएल बंद होतो. पुढच्या वेळी ‘--कोअर’ पर्यायाने ती फाइल दिली की सगळ्या लायब्ररींसह रेपल लगेच उघडतो. हे स्लाइममधून करू नका, तिथे अनेक थ्रेड चालू असतात आणि एकाहून जास्त थ्रेड असताना एसबीसीएल कोअर लिहायला नकार देतो. सुरुवातीची फाइल कोअरमधून उघडतानाही वाचली जाते, म्हणून कोअरमध्ये गेलेल्या लायब्ररी लोड करणाऱ्या ओळी तिथून काढा, छपाई आणि प्रॉम्प्टच्या तेवढ्या ठेवा. एसबीसीएलची नवी आवृत्ती बसवली की जुनी कोअर चालत नाही. लायब्ररी लोड करून कोअर लिहिणाऱ्या त्या दोन-चार ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे आवृत्ती बदलली की ती फाइल ‘--लोड’ने एकदा चालवून नवी कोअर बनवता येते.